भूक, मेंदूतील लिपिड आणि विसरलेली एक गोळी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात गेले काही आठवडे लठ्ठपणावर जी लेखमाला प्रसिद्ध होत आहे, ती मी नियमाने वाचतो आहे. विषय महत्त्वाचा आहे आणि त्याला आपण इतकी जागा दिलीत, याबद्दल आपले आभार. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहिले, तर भारतातील २८.६ टक्के प्रौढ लठ्ठ आहेत आणि पोटाचा घेर वाढलेल्यांचे प्रमाण ३९.५ टक्के आहे. तेव्हा हा मूठभर खात्यापित्या घरांचा प्रश्न राहिलेला नाही, हे उघड आहे. परंतु लेखमालेतील बहुतेक लेखांचा सूर एकच आहे आणि त्या सुराला माझी हरकत आहे. वजन वाढले म्हणजे जिभेवर ताबा राहिला नाही आणि मनाचा निग्रह केला की ते आपोआप उतरते, असे लेखकांनी गृहीत धरलेले दिसते. वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. त्या अभ्यासाच्या आधारावर मला असे सांगायचे आहे की, भूक ही मुख्यतः मेंदूत ठरते, ती ठरवण्यात मेंदूतील लिपिडांचा, म्हणजे स्निग्ध रेणूंचा, फार मोठा वाटा असतो, आणि हे ध्यानात न घेता लठ्ठ माणसाला बोल लावणे जितके चुकीचे, तितकेच या रेणूंच्या कामात औषधाने घाईघाईने ढवळाढवळ करणे धोक्याचे आहे. या दुसऱ्या गोष्टीचा अनुभव आपल्या देशाने एकदा घेतलेला आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के असतो. मात्र विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिच्यातील सुमारे २० टक्के ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. पाणी वगळून मेंदूचे वजन केले, तर त्यातील निम्म्याहून अधिक भाग लिपिडांचा भरतो. पूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना एवढेच शिकवत असू की, चेतापेशींची आवरणे आणि चेतातंतूंवरील वेष्टन या लिपिडांपासून बनते. म्हणजे लिपिड हा केवळ बांधकामाचा माल आहे, अशी समजूत होती. गेल्या तीन-साडेतीन दशकांत हे चित्र बदलले. पेशीच्या आवरणातून गरजेनुसार छोटे स्निग्ध रेणू सुटे होतात, ते शेजारच्या पेशीला निरोप पोहोचवतात आणि काम होताच काही क्षणांत मोडून टाकले जातात, असे दिसून आले. भूक लागणे, जेवण गोड लागणे, पोट भरल्याची जाणीव होणे, शरीराने ऊर्जा साठवावी की जाळावी, या साऱ्यांत असे रेणू भाग घेतात.

यातील सर्वांत चांगला अभ्यासला गेलेला गट एंडोकॅनाबिनॉइडांचा आहे. त्याचा शोध भांग-गांजाच्या अभ्यासातून लागला. भांग प्यायल्यावर माणूस समोर येईल ते खात सुटतो, हे आपल्याकडे होळी-शिवरात्रीला भांग घेणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहीएल गाओनी यांनी १९६४ साली गांजातील टीएचसी हा मुख्य घटक शुद्ध स्वरूपात वेगळा केला. पुढे १९९० साली मेंदूतील पेशींवर त्याला धरून ठेवणारे सीबी-१ नावाचे ग्राही प्रथिन सापडले. परक्या वनस्पतीतील रेणूसाठी आपल्या मेंदूने ग्राही तयार ठेवावेत, याला काही अर्थ नव्हता. शरीराचा स्वतःचा असा काही रेणू असलाच पाहिजे, म्हणून शोध सुरू झाला. १९९२ साली विल्यम डिव्हेन, मेशुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जेरुसलेममध्ये डुकराच्या मेंदूतून तो सापडला. त्याला त्यांनी संस्कृत ‘आनंद’वरून ॲनांडामाइड असे नाव दिले. १९९५ साली २-एजी हा त्याचा भाऊबंद हाती लागला. शरीर स्वतःच बनवते अशा या रेणूंनाच एंडोकॅनाबिनॉइड म्हणतात. दोन्ही रेणू ॲराकिडॉनिक या मेदाम्लापासून बनतात.

या रेणूंची काम करण्याची रीत उलटी आहे. सामान्यतः एक चेतापेशी संदेश पाठवते आणि दुसरी तो घेते. एंडोकॅनाबिनॉइड मात्र संदेश घेणाऱ्या पेशीत तयार होतात आणि मागे, पाठवणाऱ्या पेशीकडे, जाऊन ‘आता पुरे’ असे सांगतात. ही गोष्ट २००१ साली एकाच सुमारास अमेरिकेत आणि जपानमध्ये सिद्ध झाली. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात भूक चेतवणाऱ्या व भूक शमवणाऱ्या पेशींची जी मंडले आहेत, त्यांच्यावर या रेणूंचा अंमल चालतो. उंदीर-घुशींवरील प्रयोगांत असे आढळले की, प्राणी उपाशी राहिला की हायपोथॅलॅमसमध्ये २-एजीचे प्रमाण वाढते आणि तो खाऊ लागला की ते उतरते. ॲनांडामाइड थेट हायपोथॅलॅमसमध्ये टोचले, तर पोट भरलेला प्राणीही पुन्हा खायला लागतो.

याहून बोलका प्रयोग एस्टर फ्रीडे आणि मेशुलाम यांच्या गटाने नवजात पिल्लांवर केला आणि २००१ साली प्रसिद्ध केला. उंदराच्या पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी सीबी-१ ग्राही अडवणारे औषध दिले, तेव्हा ती आईचे दूध ओढेनाशी झाली आणि त्यांतील बहुतेक काही दिवसांत दगावली. जन्मलेल्या जिवाने पहिला घोट घेण्यासाठीही मेंदूत हा स्निग्ध निरोप पोहोचावा लागतो, एवढी ही यंत्रणा मूलभूत आहे. हाच ग्राही अडवणारे ते औषध पुढे लठ्ठपणावरची गोळी म्हणून बाजारात आले, हे वाचकांनी येथे लक्षात ठेवावे.

भुकेच्या या मंडलांवर शरीराकडूनही देखरेख असते. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात आणि शरीरात साठा किती आहे, याचा हिशेब मेंदूला कळवतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ साली लेप्टिनचे जनुक शोधले. पुढे २००१ साली असे दिसले की, लेप्टिन नसलेल्या लठ्ठ उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये एंडोकॅनाबिनॉइडांचे प्रमाण वाढलेले असते आणि लेप्टिन दिल्यावर ते खाली येते. म्हणजे पोटावरची चरबी आणि मेंदूतील स्निग्ध रेणू हे एकाच संवादाची दोन टोके आहेत.

माणसाच्या बाबतीत याचा पुरावा केंब्रिजच्या सदफ फारुकी आणि स्टीफन ओराहिली यांनी दिला. जन्मापासून शरीरात लेप्टिन तयार होत नसलेली एक नऊ वर्षांची मुलगी त्यांच्याकडे होती. तिचे वजन ९४ किलो होते. जेवण झाल्यावरही तिची भूक शमत नसे. तिला लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर वर्षभरात १६ किलोंहून अधिक वजन उतरले आणि ती इतर मुलांसारखी जेवू लागली. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचाराआधी या मुलीला शाळेत, नातेवाइकांत काय काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. तिच्यात निग्रहाचा अभाव नव्हता. तिच्या मेंदूला ‘साठा भरला आहे’ असे कळवणारे कोणी नव्हते. अशा रुग्णांची संख्या जगात फार थोडी आहे, हे खरे. सर्वसाधारण लठ्ठपणात लेप्टिन उलट जास्तच असते, परंतु मेंदू त्याला दाद देत नाही, म्हणूनच लेप्टिनची इंजेक्शने सर्वांना लागू पडली नाहीत. परंतु भूक ही शीलाची परीक्षा नसून शरीराचे कार्य आहे, हे त्या एका मुलीच्या उपचाराने पुरेसे स्पष्ट झाले.

आता आपल्या ओळखीच्या एका अनुभवाकडे येतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो आणि तिचा रोख उपास करणाऱ्याच्या दांभिकपणावर असतो. जर्मनीतील कोलोन आणि म्युन्स्टर येथील योहानेस फोग्ट, रॉबर्ट निच व सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेले काम वाचल्यावर या म्हणीकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. प्राणी उपाशी राहिला की हायपोथॅलॅमसमधील एजीआरपी नावाच्या भूक चेतवणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि त्यांच्या प्रभावाने रक्तात लायसोफॉस्फोलिपिड या वर्गातील रेणू वाढतात. हे रेणू मेंदूत पोहोचतात. तेथे ऑटोटॅक्सिन नावाचे एन्झाइम त्यांचे लायसोफॉस्फॅटिडिक आम्लात रूपांतर करते आणि ते आम्ल मेंदूच्या बाह्यपटलातील चेतासंधींची, म्हणजे दोन चेतापेशी जेथे जोडल्या जातात त्या जागांची, उत्तेजना वाढवते. परिणामी उपास सुटल्यावर प्राणी नेहमीपेक्षा अधिक खातो. संशोधकांनी उंदरांमध्ये ऑटोटॅक्सिनला अडवले, तेव्हा हे जादा खाणे कमी झाले. या आम्लाला चेतासंधीवर आवर घालणारे पीआरजी-१ नावाचे एक प्रथिन असते; त्याच्या जनुकात विशिष्ट बदल असलेल्या माणसांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, तुलनेने जास्त असल्याचेही त्यांना आढळले. येथे नोंद घेण्याची गोष्ट अशी की, बाह्यपटल हा विचाराचा आणि निश्चयाचा भाग समजला जातो. ज्या भागाने संकल्प करायचा, त्याच भागाचा तोल उपासाच्या काळात एक स्निग्ध रेणू बदलून टाकतो. उंदरांवरील निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. परंतु एक वेळ उपाशी राहा आणि वजन उतरवा असा सरसकट सल्ला देणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे की, कडकडीत उपासानंतर हात आवरत नाही, यामागे शरीराची स्वतःची कारणे असू शकतात.

मग खाण्याचा काहीच दोष नाही काय, असे कोणी विचारील. दोष आहे, मात्र तो दिसतो तितका सरळ नाही. आपण जे खातो, त्याने भुकेची मोजमाप करणारी यंत्रणाच बिघडू शकते. जेवणात स्निग्धांश आला की लहान आतड्याच्या अस्तरातील पेशी ओलेइक आम्लापासून ओलिऑइलइथॅनोलामाइड नावाचा रेणू बनवतात. रचनेने तो ॲनांडामाइडचा सख्खा भाऊ शोभेल असा असून काम मात्र नेमके उलट करतो: तो आतड्यातूनच चेतांमार्फत मेंदूला तृप्तीचा निरोप देतो. २००१ साली फर्नांदो रोद्रिगेस दे फोन्सेका, डॅनिएल पिओमेली आणि सहकाऱ्यांनी त्याचे हे कार्य दाखवून दिले. उंदरांना दीर्घकाळ चरबीयुक्त आहार दिला, तर आतड्यातील हा रेणू कमी बनतो, असे पुढच्या अभ्यासांत आढळले. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आम्ल भरपूर असते, पण म्हणून कोणी शेंगदाणा तेल वाटीने प्यावे असा अर्थ काढू नये. तेलाच्या प्रत्येक थेंबाबरोबर उष्मांकही येतात.

बिघाडाची दुसरी बाजू अधिक चिंतेची आहे. अमेरिकेतील सिएटल येथील मायकेल श्वार्ट्झ यांच्या गटाने २०१२ साली असे दाखवले की, उंदीर-घुशींना चरबीयुक्त आहार सुरू केल्यापासून तीनच दिवसांच्या आत, वजन फारसे वाढण्याआधी, हायपोथॅलॅमसमध्ये दाहाची लक्षणे दिसू लागतात. लठ्ठ माणसांच्या एमआरआय चित्रांतही त्या भागातील इजेच्या खुणा त्यांना आढळल्या. ब्राझीलमधील कांपिनास येथील लिसिओ व्हेलोसो यांच्या गटाने संपृक्त मेदाम्लांचा या दाहाशी संबंध दाखवला होता. स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला येथील मिगेल लोपेस यांच्या गटाने २०१४ साली दाखवले की, हायपोथॅलॅमसमध्ये सेरामाइड या लिपिडाचा संचय झाला, तर तेथील पेशींवर ताण येतो आणि शरीराला ऊब देणाऱ्या तपकिरी चरबीचे काम मंदावते, म्हणजे ऊर्जेचा खर्च कमी होतो आणि वजन वाढते. हा परिणाम खाण्याचे प्रमाण न वाढताही होतो, हे विशेष. ‘मी तर फार काही खात नाही’ असे सांगणाऱ्या रुग्णाकडे आपण अविश्वासाने पाहतो. तो प्रत्येक वेळी खोटे बोलत असतो, असे समजण्याचे कारण नाही.

या संदर्भात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाचा उल्लेख आपल्या लेखमालेत कोठेच नाही, याचे मला आश्चर्य वाटले. पुणे जिल्ह्यातील खेड्यांमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. परंतु पुण्याच्या बाळांचे स्नायू व अवयव लहान असले, तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारे हे बाळ आतून स्निग्ध होते. दुसरीकडे, उंदरांच्या पिल्लांमध्ये जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत लेप्टिनच हायपोथॅलॅमसमधील भुकेच्या जोडण्या घडवते, हे २००४ साली दिसून आले आहे. भुकेचा स्वभाव कधी आणि कसा घडतो, हा प्रश्न म्हणून आपल्या मातीत फार महत्त्वाचा आहे. त्या बाळाने कोणता संकल्प मोडला होता, असे मला या लेखकांना विचारावेसे वाटते.

व्यायाम, पुरेशी झोप, तळलेले आणि पाकिटबंद पदार्थ कमी करणे, या सल्ल्यांना माझा विरोध नाही. उलट वर लिहिलेल्या संशोधनामुळे त्यांचे महत्त्व वाढते. विरोध आहे तो सल्ल्याबरोबर येणाऱ्या अपमानाला. अपमान झालेला माणूस डॉक्टरकडे जायचे टाळतो आणि जाहिरातीकडे वळतो.

आता त्या विसरलेल्या गोळीबद्दल. सीबी-१ ग्राही अडवला तर भूक कमी होईल, या तर्कावर सनोफी-ॲव्हेंटिस कंपनीने रिमोनाबँट हे औषध आणले. जून २००६ मध्ये युरोपात त्याला मान्यता मिळाली. औषध काम करत होते, यात वाद नाही. चार चाचण्यांतील ४,१०५ जणांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २००७ साली प्रसिद्ध झाले; त्यात वर्षभर २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे वजन, तुलनेसाठी निष्क्रिय (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ४.७ किलो जास्त उतरले होते. पण त्याच विश्लेषणात दिसले की, खिन्नतेमुळे औषध सोडून देण्याची शक्यता रिमोनाबँट घेणाऱ्यांत अडीच पट, तर चिंतेमुळे सोडण्याची तिप्पट होती. नैराश्य असलेल्या रुग्णांना मुळात या चाचण्यांत घेतलेच नव्हते, तरीही हे घडले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने जून २००७ मध्ये १४ विरुद्ध शून्य मतांनी प्रतिकूल कौल दिला आणि तेथे हे औषध कधीच विकले गेले नाही. युरोपात ऑक्टोबर २००८ मध्ये विक्री थांबवण्याची शिफारस झाली. १८,६९५ रुग्णांची एक मोठी चाचणी अर्ध्यावर बंद करावी लागली. तिच्यात रिमोनाबँट घेणाऱ्या चौघांनी आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्या एकाने आत्महत्या केल्याचे नंतर प्रसिद्ध झाले.

असे का झाले, याचे उत्तर वर आलेले आहे. ॲनांडामाइड आणि २-एजी हे काही भुकेचेच रेणू नव्हेत. भीती विसरणे, ताण निवळणे, झोप, एखाद्या गोष्टीत सुख वाटणे, या सर्वांत त्यांचा हात असतो, आणि सीबी-१ ग्राही मेंदूभर पसरलेले आहेत. दिवाणखान्यातला एक दिवा मालवायचा म्हणून घराचा मेन स्विच बंद करावा, तसे ते औषध होते.

भारतात अनेक कंपन्यांनी हे औषध आपापल्या नावांनी विकले. युरोपातील निर्णयानंतर वर्षाहून अधिक काळ गेला, तेव्हा कुठे डिसेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारच्या अधिसूचनेने त्यावर बंदी आली. त्या काळातील एक प्रसंग मी येथे नोंदवतो. आमच्या ओळखीच्या एक शिक्षिका होत्या. दारात येऊन मनसोक्त गप्पा मारणाऱ्या, शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटुकली बसवणाऱ्या. वजन आणि सांधेदुखी यांमुळे त्या एका दवाखान्यात गेल्या. तेथे त्यांना आधी ‘तोंड बंद ठेवायला शिका’ असे ऐकावे लागले आणि मग गोळ्या लिहून मिळाल्या. दोनेक महिन्यांनी त्या भेटल्या, तेव्हा वजन उतरलेले दिसत होते. मी अभिनंदन केले, तर त्या म्हणाल्या, “सर, जेवणावरची वासना उडाली हे खरं, पण कशावरचीच राहिली नाही. पहाटे तीनला जाग येते आणि उगाच रडू येतं. घरच्यांना वाटतं, वजन कमी झालं तर हिला आनंद व्हायला हवा.” पर्समधून त्यांनी गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. मागच्या बाजूला रिमोनाबँट हे नाव बारीक अक्षरांत होते. त्यांना नैराश्याबद्दल कोणी काही विचारले नव्हते आणि काही सांगितलेही नव्हते. मी त्यांना त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याचा आग्रह केला. गोळी थांबवण्यात आली आणि पुढे त्या हळूहळू सावरल्या. एका व्यक्तीच्या अनुभवावरून औषधाबद्दल काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना सतत बजावत आलो. पण ज्या लक्षणांचा इशारा परदेशांत छापून आला होता, ती लक्षणे आपल्याकडच्या रुग्णाला सांगितली गेली नाहीत, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

हे जुने प्रकरण आज उकरून काढण्याचे कारण आहे. लठ्ठपणावरील औषधांची बाजारपेठ आपल्याकडे नव्याने खुली झाली आहे. टिर्झेपटाइड हे इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये, तर सेमाग्लुटाइडचे वजनासाठीचे इंजेक्शन जून २०२५ मध्ये भारतात आले. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत आपल्याकडे मार्च २०२६ पर्यंतची असल्यामुळे स्वस्त देशी आवृत्त्यांचा मार्गही मोकळा होतो. ही औषधे आतड्यातील संप्रेरकांच्या धर्तीवर बनलेली आहेत, ती लिपिडांच्या यंत्रणेला थेट अडवत नाहीत, आणि त्यांना रिमोनाबँटच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. आत्महत्येच्या विचारांबाबत युरोपच्या औषध नियामकांनी या गटाची छाननी केली आणि उपलब्ध पुराव्यावरून कार्यकारणसंबंध दिसत नाही, असा निष्कर्ष एप्रिल २०२४ मध्ये दिला. गरजू रुग्णांना ही औषधे परवडू लागली, तर मला समाधानच वाटेल.

पण लिपिडांच्या वाटेने जाणारी औषधेही पुन्हा येत आहेत. मेंदूत कमीत कमी शिरतील अशा बेताने सीबी-१ अडवणारे नवे रेणू तयार झाले आहेत. त्यांपैकी मॉनलुनाबँट या गोळीच्या चाचणीचे प्राथमिक निष्कर्ष नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. १६ आठवड्यांत १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे वजन सरासरी ७.१ किलोंनी, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे ०.७ किलोंनी उतरले. त्याबरोबरच मात्रेनुसार वाढणारी चिंता, चिडचिड आणि निद्रानाश यांचीही नोंद झाली. मेंदूबाहेर राहावे म्हणून घडवलेल्या औषधाचीही ही गत आहे. ऑटोटॅक्सिन अडवण्याचा मार्गही आज ना उद्या चाचणीला लागेल. या वाटा बंद कराव्यात, असे मी मुळीच म्हणणार नाही. लठ्ठपणाने पिचलेल्या रुग्णांना औषधांची गरज आहे आणि संशोधकांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. परंतु जो रेणू भूक लावतो, तोच मनाला उभारीही देतो, ही गोष्ट औषध लिहिणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या दोघांच्याही ध्यानात असली पाहिजे.

म्हणून आपल्याकडे काही विनंत्या आहेत. आपल्या आरोग्य पुरवणीच्या ज्या पानावर निग्रहाचे उपदेश असतात, त्याच पानावर ‘महिन्यात दहा किलो’ अशा हमीच्या जाहिराती असतात; त्या आपण नाकाराव्यात. लेखमालेच्या उरलेल्या भागांत एखाद्या अंतःस्रावतज्ज्ञाला आणि एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला लिहिते करावे. वजनाचे औषध सुरू करण्याआधी रुग्णाच्या मनःस्थितीची आणि झोपेची विचारपूस व्हावी, दर भेटीत ती पुन्हा व्हावी, आणि घरातील एका माणसाला तरी कोणत्या बदलांवर लक्ष ठेवायचे हे सांगितले जावे, असा आग्रह आपण वाचकांच्या वतीने धरावा. ही औषधे चिठ्ठीशिवाय विकली जात असतील, तर आपल्या वार्ताहरांनी ते उघडकीस आणावे. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला कामाला लावण्याची ताकद वृत्तपत्राच्या बातमीत अजूनही आहे.

आणखी एक. रिमोनाबँटची गोळी आपल्याकडे विकली जात होती, तेव्हा औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारी भक्कम व्यवस्था देशात नव्हती. आजचा भारतीय औषधदक्षता कार्यक्रम जुलै २०१० मध्ये सुरू झाला आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. औषधाचा त्रास झाल्यास डॉक्टरच नव्हे, तर स्वतः रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर तो कळवू शकतात. माझ्या पाहण्यात फार थोड्या रुग्णांना हे माहीत आहे. हा क्रमांक आपण आरोग्य पुरवणीत दर आठवड्याला, सहज दिसेल अशा जागी छापावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औषधशास्त्र अध्यापक,
सांगली